एकोणसाठ मनीऑर्डरी

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि ओळ वर चढत जाते ती जातेच. चौथी झाली आणि आईचं बाळंतपण आलं, तेव्हा सुटलेली शाळा सुटलीच. चुकलं असेल तिथे मनातल्या मनात नीट करून घ्यावं. तसं हे कुणाला दाखवायचं नाही. तरी लिहिलेला कागद कुणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही, एवढं मला एका लेखकाच्या संसारात कळलेलं आहे.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात नागपूरहून एक प्राध्यापक आले होते. यांच्यावर लिहून राहिले म्हणाले. पत्रकार कसे होते, चरित्रकार कसे झाले, असं पुष्कळ विचारलं. मी पोहे केले, चहा केला, आणि हो किंवा नाही एवढंच बोलले. परक्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. ते गेले आणि परवा त्यांचा छापील लेख टपालाने आला. त्यात लिहिलं आहे की यांनी ठेकेदाराचे दीड हजार रुपये त्याच्या तोंडावर फेकले आणि बाणेदारपणे घरी येऊन लेखणी उचलली.

यांचा उजवा हात तेव्हा मोडलेला होता. फेकणार कशाने आणि उचलणार कशाने?

म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन मी जबलपूरला आले तेव्हा हे एका हिंदी दैनिकात पोलीस ठाण्याच्या बातम्या आणत. खून, मारामाऱ्या, जळालेल्या बायका, रुळावर सापडलेली माणसं. आम्ही तिथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात दोन खोल्यांत राहत होतो. यांच्या सदऱ्याच्या बाहीला रक्त लागलेलं असायचं. कुणाला तरी उचलून टांग्यात घातलेलं असायचं. थंड पाण्यात मीठ टाकून ते धुवायला मी पहिल्या महिन्यातच शिकले.

यांची एक पद्धत होती. लोकांसमोर कधी कागद-पेन्सिल काढायचे नाहीत. कागद पाहिला की माणूस मिटतो म्हणायचे. सगळं डोक्यात भरून घरी यायचे, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसायचे आणि मी पोळ्या लाटत असताना मला सांगायचे. नळावरच्या भांडणात एकाने दुसऱ्याच्या खांद्यात कुऱ्हाड घातली, ती काढता येईना म्हणून तसाच दवाखान्यात नेला. मी "मग?" म्हणायची. मी "मग?" म्हटलं की त्यांना पुढचं आठवायचं. पोळ्या संपेपर्यंत बातमी बसलेली असायची, मग ते लिहायचे. मला ते ऐकवत नसे, पण तेवढ्यासाठी तरी कुणाला माझं बोलणं लागतं याचं बरं वाटायचं.

दुसरी पद्धत म्हणजे एकाचं ऐकून लिहायचं नाही. दुसऱ्याला विचारायचं. दोघांचं जुळलं तरच कागदावर. या पद्धतीचा त्यांना फार अभिमान होता. लेखात तिचं कौतुक आहे. तिने काय केलं ते लेखात नाही.

चीनची लढाई झाली आणि जबलपूरचे दारूगोळ्याचे कारखाने तिन्ही पाळ्यांत धडधडू लागले. त्या दिवसांत एका कारखान्यात बार उडाला. तीन माणसं गेली. हे तिघांच्याही घरी जाऊन आले, नावं आणली, कुणाला किती पोरं ते आणलं. संपादक म्हणाले, युद्धाचा काळ आहे, कारखान्याचं छापता येत नाही. यांनी तरी छापा म्हटलं. संपादक हसून म्हणाले, "भैया, मरने वाले तो मर गए, तुम काहे मरे जा रहे हो?" यांनी शेजारच्या टेबलावरची छपाईच्या अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांची पेटी उचलली आणि त्यांच्या अंगावर फेकली. संपादक वाकले. पेटीचा कोपरा मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कंपोझिटरच्या कपाळावर बसला. हाड दिसेपर्यंत कातडी फाटली.

नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी हे त्या कंपोझिटरच्या घरी टाक्यांचे पैसे द्यायला गेले. गेले सकाळी, आले दिवेलागणीला. मी घाबरून दारात उभी. म्हणाले, चाळीस वर्षं तो माणूस जगाच्या बातम्या उलट्या अक्षरांत वाचतो आहे, आणि त्याची स्वतःची ओळभर कुठे नाही. मग आठ दिवस रोज जात राहिले. सोळा पानांचं त्याचं चरित्र लिहिलं. कपाळाला पट्टी बांधून ते त्यानेच जुळवलं. हे यांचं पहिलं चरित्र. लेखात ते शेवटी एका ओळीत आलं आहे.

पुढे एका आखाड्याच्या वस्तादाचं लिहिलं, एका निवृत्त स्टेशनमास्तरचं लिहिलं. पंचवीस-पन्नास रुपये मिळायचे. घर त्याच्यावर चालत नव्हतं. सासूबाई आजारी पडल्या. नेपियर टाउनच्या डॉक्टरांकडे रोज रिक्षाने नेणं, इंजेक्शनं, सगळं उधारीवर. त्याच दिवसांत ठेकेदाराचं बोलावणं आलं.

ठेकेदाराची आरागिरणी कांचघरच्या पुढे होती, घर तिला लागूनच. कारखान्यांना दारूगोळ्यासाठी लाकडी पेट्या लागतात, त्या तो पुरवायचा. घराणं जुनं, कुणी पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत आलेला. दोन वर्षांनी त्याची षष्ट्यब्दी होती आणि त्या दिवशी त्याला आपलं चरित्र वाटायचं होतं. यांना पाठीवर थाप मारून म्हणाला, "लिहा पत्रकारजी, मनसोक्त लिहा. आमच्यात वाईट काही सापडलं तर मला आधी सांगा, मलाही पाहायचं आहे." सगळे हसले. हेही हसले. पंधराशे रुपये एकदम दिले आणि एक चिठ्ठी लिहून घेतली. यांनी सही केली आणि चिठ्ठीची नक्कल आणून माझ्या ट्रंकेत टाकली. पैसे डॉक्टरकडे गेले. सासूबाई तरी वाचल्या नाहीत.

त्या चैत्रात ठेकेदाराकडे हळदीकुंकू होतं. यांनी मला मुद्दाम पाठवलं, ओळख वाढावी म्हणून. बायका शहरातल्या मोठमोठ्या, साहेबांच्या. मी दाराआड बसले. नंतर तिथेही बसवेना म्हणून स्वयंपाकघरात गेले. तिथे ठेकेदाराची बायको एकटीच पन्ह्याचं पातेलं उचलायला पाहत होती. डावा हात कोपराखाली वाकडा. उचलेना. मी दुसरी बाजू धरली. मग डाळ वाटायला बसले, आणि त्या कैरी किसत माझ्याजवळ बसल्या. मी त्यांना वहिनी म्हणायची.

मी हाताकडे पाहिलं असेन. त्या म्हणाल्या, "न्हाणीत पडले असं सगळ्यांना सांगितलं आहे. तुला काहून वेगळं सांगू?" अर्धी कैरी किसून झाली. मग म्हणाल्या, "तू बोलत नाहीस, म्हणून सांगते."

आऱ्यावर मंडल्याकडचा एक मजूर होता. आऱ्याचं झाकण तुटलं होतं, तो म्हणाला झाकण लावल्याशिवाय मी लाकूड लावणार नाही. पेट्यांची घाई होती. ठेकेदाराने फळी उचलली आणि त्याला मारायला लागला. डोक्यावर, तोंडावर, पडल्यावर बरगड्यांवर. दहा-बारा माणसं पाहत होती. वहिनी मागच्या खिडकीतून पाहत होत्या. तो मेला नव्हता. पाणी मागत होता. वहिनी तांब्या घेऊन गेल्या, तेव्हा त्याच फळीने ठेकेदाराने त्यांचा हात मोडला. मग मजुराला दोघांकडून उचलवून आऱ्याच्या पट्ट्याजवळ टाकलं आणि मशीन चालू करायला लावलं. पोलिसांत अपघात म्हणून लिहिलं गेलं.

"तांब्या तिथेच राहिला," एवढं बोलून त्यांनी किसणी धुतली. म्हणाल्या, कुणाला सांगू नको. मी कुंकवाची शपथ घेतली.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. पाचव्या दिवशी हे पाटावर बसून मला नवं प्रकरण वाचून दाखवत होते. त्यात वाक्य होतं, मजुरांवर त्यांनी पोटच्या पोरांसारखं प्रेम केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रेम?"

यांनी कागद खाली ठेवला. काय ऐकलंस म्हणाले. मी मान हलवली. कुठे ऐकलंस, कुणी सांगितलं. मी पोळी लाटत राहिले. ठाण्यात आरोपींना विचारतात तसं एकेक विचारत राहिले, आणि मी लाटतच राहिले. तेव्हा उठून त्यांनी माझ्या कानशिलात मारली. लाटणं चुलीत पडलं. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मी सांगितलं.

प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, घरात स्वभाव कसा होता? मी म्हटलं, शांत. तेही खोटं नाही. आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. पण मारून मिळवलेली ती बातमी होती, आणि बोललेली मी होते.

हे सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कागद गुंडाळून ठेवले. मग सदरा घातला. मी विचारलं कुठे. म्हणाले, ज्याने त्यांचा हात बसवला त्या हाडवैद्याकडे. मी दारात आडवी उभी राहिले. वैद्य ठेकेदाराच्या गिरणीतून लाकूड घेतो, तिथे जाऊ नका म्हटलं, मजुराच्या गावी जा, आणखी कुठे जा. म्हणाले, "एकीचं ऐकून मी माणसाला खुनी ठरवू? उद्या कुणी माझ्याबद्दल एकीचं ऐकून लिहिलं तर?" आणि सायकल काढली.

वैद्याने सांगितलं, हो, मार लागूनच मोडलेला हात होता, पडून असा मोडत नाही. हे खुश होऊन घरी आले. दोघांचं जुळलं. वैद्य दुसऱ्या दिवशी फळ्या आणायला गेला आणि त्याने ठेकेदाराला सांगितलं की पत्रकार तुमच्या बाईच्या हाताची चौकशी करून राहिला आहे.

आमच्या आळीत एक कासारीण यायची. ती ठेकेदाराच्या घरीही बांगड्या भरायला जायची. तिने मला सांगितलं. ठेकेदाराने वहिनींना गिरणीच्या अंगणात आणून, मजूर पाहत असताना, पायातल्या बुटाने मारलं. डोक्याच्या एकाच बाजूला मारत राहिला. उजव्या कानातून रक्त आलं आणि तो कान गेला. कासारीण म्हणाली, हाताला बांगडी चढवायला जागा नव्हती, इतकं सुजलं होतं, म्हणून मी तशीच परत आले.

मी यांना ते सांगितलं तेव्हा हे कागद लावत होते. हात थांबला.  कागद तसेच टाकून उठले आणि बाहेर मोरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतत राहिले.

त्यानंतर आठवडा झाला नसेल. भर दुपार होती. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, निजलेली. चार माणसं आत आली. दोघांनी यांना धरलं, एकाने यांचा उजवा हात उंबऱ्यावर पसरून धरला. चौथ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या पाट्यावरचा वरवंटा उचलला. हळदीने पिवळा झालेला होता. तीन वेळा मारला. पहिल्या वेळेस हे ओरडले, मग नाही. बोटं, तळवा, मनगट. आवाज मला अजून ऐकू येतो, ओलं लाकूड फोडताना येतो तसा. मी मुलीचं तोंड माझ्या पोटात दाबून धरलं होतं. दुसरं मी काहीही केलं नाही.

जाताना त्यांनी यांचे लिहिलेले सगळे कागद गोळा केले. एकाने तर माझ्याकडे पाहून हात जोडले. "माफ करना भाभीजी, पेट का सवाल है," म्हणाला, आणि वरवंटा होता तिथे परत ठेवून गेला. तो वरवंटा मी नर्मदेत टाकला.

हात जुळला पण बोटं वळेनात. पुढची चरित्रं यांनी डाव्या हाताने लिहिली, पण ते जमायला तीन-चार वर्षं गेली. तोवर हे सांगायचे आणि मी लिहायची. गेलेलं चरित्र यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आता ते ठेकेदाराचं राहिलं नव्हतं. सुरुवात मंडल्याकडच्या त्या गावातून होती, जिथून तो मजूर आला. हे स्वतः जाऊन आले, त्याची म्हातारी आई भेटली. माझ्या या अक्षरात शंभर पानं झाली. मी मध्ये थांबायची, अक्षर आठवायची, हे चिडायचे, पुन्हा सांगायचे. जिथे वहिनींचं येणार होतं तिथे मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

कासारणीबरोबर निरोप पाठवून विचारलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कासारणीने त्यांच्यासारखाच आवाज करून सांगितलं: "तिला म्हणावं, मी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. आता सांगून झालंच आहे, तर नीट सांगा."

ते वाक्य मला रागाचंही वाटलं आणि हुकमाचंही. मी पेन उचललं.

हस्तलिखित घेऊन हे त्याच कंपोझिटरकडे गेले. तो आता एका छोट्या छापखान्यात होता. माझं अक्षर पाहून म्हणाला, मैं पढ़ लूँगा, मैंने इससे बुरा पढ़ा है. पण छापखान्याचा मालक तयार होईना. ठेकेदाराने शहरातल्या सगळ्या छापखान्यांना चिठ्ठी दाखवून ठेवली होती. चिठ्ठीत स्पष्ट होतं: रक्कम परत होईपर्यंत या विषयावरच्या सगळ्या लिखाणावर रक्कम देणाराचा हक्क. मालक म्हणाला, पैसे फेडून पावती आणा, मग छापतो. तोवर हे कागद तुमचे नाहीत.

म्हणजे मेलेला माणूस, त्याची आई, वहिनींचा कान, सगळं दीड हजारात गहाण पडलेलं होतं. आणि घरात दीड रुपया नव्हता.

मग मी विड्या वळायला लागले. गोरखपुरात दलाल तेंदूची पानं आणि तंबाखू घरपोच द्यायचा, वळलेल्या विड्या मोजून न्यायचा. कुणाशी बोलावं लागत नाही असं ते काम. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. दिवसाला सहाशे-सातशे होत. दलाल त्यातल्या मूठभर मोडक्या म्हणून काढायचा, आणि त्याच जाताना ओढत जायचा. शेजारच्या बाईंनी एकदा मोठ्याने विचारलं, "काय हो, लेखकाच्या घरातून तंबाखूचा वास काहून येऊन राहिला?" आमच्या लोकांत कुणाच्या सुनेने विड्या वळलेल्या नव्हत्या. हे शेजारी बसून डाव्या हाताने आणि दातांनी दोरा बांधायचे. दिवसाच्या पन्नासेक व्हायच्या त्यांच्या. दलाल त्या सगळ्या मोडक्यात काढायचा.

पहिले पंचवीस रुपये जमले तसे यांनी ठेकेदाराच्या नावाने मनीऑर्डर केली. आठ दिवसांनी परत आली. घेण्यास नकार. पुन्हा केली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा हे स्वतः घेऊन गेले. ठेकेदार फाटकात उभा राहून म्हणाला, "ठेवा, ठेवा. मी काही मागितले का? माझे पैसे तुमच्याकडे राहतील तोवर पोथीही माझी राहील." आणि नोकराला सांगून यांच्यावर कुत्रा सोडला. पोटरीचा लचका निघाला. चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, पोटात.

हे खचले ते तेव्हा. हात मोडला तेव्हा नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, ते कागद चुलीत घाल.

मी ट्रंक उघडली ती कागद काढायलाच. वर चिठ्ठीची नक्कल होती. ती मी कधी वाचली नव्हती. माझं वाचणं असं की एकेक अक्षर बोटाने धरावं लागतं, एकही सुटत नाही. यांनी ती चिठ्ठी दहादा वाचली असेल, पण शिकलेला माणूस वरवर वाचतो. माझं बोट पहिल्याच ओळीवर अडलं. रक्कम देणारा म्हणून ठेकेदाराचं नाव नव्हतंच. वहिनींचं होतं. आरागिरणीच्या मालक.

मी यांना उठवलं. हे उठून बसले आणि चिठ्ठी खिडकीपाशी नेली. मग त्यांना आठवलं. पूर्वी एकदा कच्च्या लाकडाच्या पेट्या दिल्यामुळे ठेकेदाराचं नाव पुरवठ्याच्या यादीतून काढलं होतं, म्हणून त्याने गिरणी बायकोच्या नावावर करून घेतली होती. सगळ्या शहराला ठाऊक. सगळे ती गिरणी त्याचीच म्हणत, त्यामुळे कागदावर कुणाची आहे हे कुणी मनात धरत नव्हतं. तोही नाही.

पंचवीस रुपये वहिनींच्या नावाने केले. पोस्टमन दुपारी जातो, तेव्हा ठेकेदार कारखान्यात माल द्यायला गेलेला असतो. नऊ दिवसांनी पावती आली. खाली वहिनींची सही होती, बारीक, उभी, नीट शिकलेल्या बाईची.

त्यानंतर दर महिन्याला एक. पासष्टची पाकिस्तानची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हापासून धरलं तर पाच वर्षं. आमच्या दोघींमध्ये दुसरं काही नव्हतं, मी पैसे पाठवायचे आणि त्यांनी सही करायची. सहीवरून मी ओळखायला बघायची, आज बऱ्या आहेत की नाही.

अडतिसाव्या पावतीवर सही नव्हती. अंगठा होता.

हे म्हणाले, घाई असेल. मी म्हटलं, लिहिता येणारी बाई घाईतही अंगठा देत नाही. कासारणीला पाठवलं. ठेकेदाराच्या हाती मनीऑर्डरीचं एक कुपन लागलं होतं. आता त्याने त्यांचा उजवा हातही मोडला होता, डाव्यापेक्षा वाईट. मी त्या दिवशी विडीच्या पानांपाशी बसून रडले. निरोप दिला की आता पुरे, मी थांबते, पुस्तक नको. कासारीण उत्तर घेऊन आली. दोनच शब्द होते, थांबू नको. पुढच्या तीन पावत्यांवर अंगठाच होता. मग पुन्हा सही आली, लहान मुलाने गिरवल्यासारखी. पैसे त्या कुठे ठेवायच्या, तो परत कसा पकडू शकला नाही, ते मला कधी कळलं नाही.

बांगलादेशची लढाई सुरू झाली. कारखाने रात्रंदिवस चालू, काचांवर काळे कागद, आरागिरणीवर ट्रकची रांग. एकोणसाठ मनीऑर्डरी झाल्या होत्या. शेवटची करायच्या आधी कासारीण म्हणाली, वहिनींनी सांगितलं आहे, शेवटचे टपालाने नको. घेऊन ये. पावती हातात देईन.

हे म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, तुमच्यावर कुत्रा सोडतील, माझ्यावर कोण सोडणार. पण निघताना दोनदा दारातून परत आले. सांगायला वाईट वाटतं, त्या पाच वर्षांत मी दलाल, शेजारीण आणि कासारीण सोडून कुणाशी एक वाक्य बोलले नव्हते.

दुपारी दोनला गेले. वहिनी मागच्या ओसरीवर बसल्या होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी पाहिलेली बाई यात कुठे होती ते मला शोधावं लागलं. उजवा कान गेलेला, म्हणून मला डावीकडे बसवलं. समोर कागद, दौत, टाक तयार. आऱ्याचा आवाज इतका होता की बोलायची सोयच नव्हती, आणि मला ते बरंच वाटलं. मी रुमालाची गाठ सोडून पंचवीस रुपये त्यांच्यापुढे ठेवले. सगळ्या एकेकच्या नोटा. त्यांनी वाकड्या बोटांनी मोजायला सुरुवात केली.

अकरापर्यंत आल्या असतील, तेव्हा ठेकेदार आला. म्हातारा झाला होता, हातात काठी. त्याने मला ओळखलं नाही. नोटा पाहिल्या, कागद पाहिला, मग ओळखलं. काही न बोलता काठी नोटांवर मारली. नोटा ओसरीभर उडाल्या. वहिनी खाली बसून गोळा करू लागल्या. त्याने काठी त्यांच्या पाठीवर मारली. त्या गोळा करत राहिल्या. पुन्हा मारली. आवाज आऱ्यात बुडत होता, पाठ तेवढी दबलेली दिसत होती.

तिसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा मी ती धरली.

दोन्ही हातांनी धरली. त्याने हिसकली, मी फरफटले, गुडघे फुटले, पण सोडली नाही. तो ओरडत होता. "तू कोण मधे पडणारी? कोण लागतेस तिची?"  मी काठी तेवढी धरून राहिले.

वहिनी उठल्या. त्याच्याकडे पाहून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "गिरणी माझ्या नावावर आहे. पैसे माझे होते. मला पोचले." मग बसल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. एक नोट कमी भरत होती. ती तुळशीच्या कट्ट्यापाशी सापडली. ती आणून त्यांनी टाक उचलला. लिहायला फार वेळ लागला. एकेक अक्षर त्या वाकड्या हाताने ओढून काढत होत्या, आणि तोवर मी आणि ठेकेदार एकाच काठीला धरून उभे होतो, दोघंही धापा टाकत.

कागद वाळवून त्यांनी माझ्या पदरात टाकला. आधीचे चौदाशे पंच्याहत्तर, आजचे पंचवीस, एकूण पंधराशे, पूर्ण पोचले, बाकी काही नाही. खाली सही. एक हात काठीवर तसाच ठेवून मी ते दुसऱ्या हाताच्या बोटाने धरून, एकेक अक्षर करून, तिथेच सगळं वाचलं. मग काठी सोडली.